आमच्यानंतर काय? : स्वमग्न प्रौढांची कायद्यातील वाटचाल, अन्नवस्त्रापासून पालकत्वापर्यंत

१/
भंडारा जिल्ह्याच्या दक्षिण भागात, लाखांदूर तालुक्यात, दिघोरी (मोठी) हे गाव आहे. भोवती धानाच्या बांध्या, तलाव आणि बोड्या. अशा गावातील एखाद्या घरात तिशी ओलांडलेला स्वमग्न मुलगा असेल, तर त्याचे थकत चाललेले आईवडील रोज रात्री एकच प्रश्न उशाला घेऊन झोपतात : आमच्यानंतर याचे काय? हा प्रश्न एका घराचा वाटतो, परंतु त्यामागे कित्येक शतकांचा कायदेशीर इतिहास आहे. स्मृतिग्रंथ, इंग्रजांचे अधिनियम, जनगणनेचे रकाने आणि स्वतंत्र भारतातील कायदे या सर्वांनी या प्रश्नाला आपापल्या काळी उत्तर दिले. आजचा धागा त्या उत्तरांविषयी. 🧵

२/
प्रथम थोडे स्पष्टीकरण. स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, हा मनोविकार नव्हे आणि मतिमंदत्वही नव्हे. मेंदूची घडण जन्मापासूनच वेगळी असते. त्यामुळे बोलणे, इतरांचे मनोगत ओळखणे, आवाज व स्पर्श सहन करणे, ठरलेल्या क्रमातील बदल स्वीकारणे या गोष्टी वेगळ्या रीतीने घडतात. कोणी महाविद्यालयात शिकवतो, तर कोणाला आयुष्यभर दुसऱ्याच्या हाताची गरज लागते. ही अवस्था बालपणी लक्षात येते, पण बालपणाबरोबर संपत नाही. या शेवटच्या वाक्याचा कायद्याला आणि समाजाला फार काळ विसर पडला होता.

३/
या इतिहासाचे तीन टप्पे तीन शब्दांत सांगता येतात. पहिला शब्द ‘अन्नवस्त्र’ : त्याला खायला-ल्यायला द्या, एवढेच. दुसरा ‘वाटा’ : घरच्या मालमत्तेत त्याचाही हिस्सा आहे. तिसरा ‘पालक’ : तो सज्ञान असला तरी त्याच्या वतीने कोणीतरी कायदेशीर जबाबदारीने उभे राहिले पाहिजे. पहिल्या शब्दापासून दुसऱ्यापर्यंत येण्यास आठशेहून अधिक वर्षे लागली. दुसऱ्यापासून तिसऱ्यापर्यंत ४३. चौथा शब्द अद्याप घडतो आहे.

४/
इतिहासाच्या अभ्यासकाने येथे एक पथ्य पाळावे. जुन्या ग्रंथातील एखाद्या विलक्षण वागणाऱ्या व्यक्तीवर आजचे निदान चिकटवू नये. महानुभाव पंथाच्या गद्यात रिद्धपूरच्या गोविंदप्रभूंचे वर्णन येते. ते कोणाच्याही घरात शिरत, मनाला येईल ते खात, निर्जीव वस्तूंशी खेळत. लोक त्यांना वेडे म्हणत आणि आईबापही मानत. यावरून गोविंदप्रभूंविषयी वैद्यकीय निष्कर्ष काढता येत नाही. रिद्धपूरविषयी मात्र काढता येतो : तेराव्या शतकातील वऱ्हाडातले एक गाव वेगळ्या वागणुकीला सामावून घेऊ शकत होते. पण त्यांच्यामागे दैवतपण होते. सामान्य घरातील वेगळ्या मुलाला काय मिळत होते?

५/
त्याचे उत्तर धर्मशास्त्रात आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या दायविभागात वारसाहक्कातून वगळलेल्यांची यादी आहे. त्यात अंध, पंगू, असाध्य रोगी यांच्यासोबत ‘उन्मत्तक’ आणि ‘जड’ हे दोन वेगळे शब्द येतात. पुढे वेड लागलेला एक आणि जन्मतः बुद्धीने मंद मानला गेलेला दुसरा, असा हा भेद. दोघांनाही वाटा नाही, मात्र त्यांचे पोषण करणे कुटुंबावर बंधनकारक. त्यांचे पुत्र निर्दोष असतील तर त्या पुत्रांना वाटा मिळतो. कल्याणीच्या चालुक्य दरबाराच्या आश्रयाने विज्ञानेश्वराने या स्मृतीवर लिहिलेली ‘मिताक्षरा’ ही टीका पुढे महाराष्ट्रातील वारसाहक्काचा प्रमुख आधार ठरली.

६/
वरवर पाहता ही व्यवस्था दयाळू वाटते. कुटुंबाने त्याला टाकायचे नाही, उपाशी ठेवायचे नाही. परंतु अन्नवस्त्राचा हक्क म्हणजे ताट वाढणाऱ्याच्या मर्जीवर उभा असलेला हक्क. आई वाढते तोवर ताट गरम असते. पुढे ते भावाच्या आणि भावजयीच्या घरातील ताट होते, त्याच्यापुढे पुतण्याच्या. कुटुंबाला ज्याचा भार वाटतो, त्याच्याकडे स्वतःचे म्हणून काही नसते. ‘आमच्यानंतर काय?’ या प्रश्नाची मुळे येथवर जातात.

७/
इंग्रजी अमलात १८५८ साली दोन अधिनियम पाठोपाठ आले. १८५८ चा ३५ वा अधिनियम महानगरांबाहेरील ‘वेड्यां’च्या मालमत्तेविषयी होता. दिवाणी न्यायालय चौकशी करी आणि संबंधित व्यक्ती स्वतःचे व्यवहार पाहण्यास असमर्थ ठरल्यास मालमत्तेसाठी व्यवस्थापक व व्यक्तीसाठी रक्षक नेमी. ३६ वा अधिनियम वेड्यांच्या इस्पितळांविषयी होता. भटकणाऱ्या किंवा धोकादायक वाटणाऱ्या माणसाला पोलिसांनी दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे आणि त्याने इस्पितळात धाडावे, अशी ती तरतूद. एका कायद्याला जमीन दिसत होती, दुसऱ्याला रस्ता. ज्याच्याकडे जमीन नाही आणि जो घराबाहेर पडत नाही, असा माणूस दोन्ही कायद्यांना अदृश्य होता.

८/
१८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला आणि भंडारा त्याचा जिल्हा बनला. १८६४ मध्ये नागपुरात वेड्यांचे इस्पितळ सुरू झाले. आजचे प्रादेशिक मनोरुग्णालय ते हेच. वैनगंगेच्या खोऱ्यातील गावांसाठी पुढील शंभर वर्षे ‘सरकारी सोय’ या शब्दाचा अर्थ जवळपास एवढाच राहिला. तेथे मनोरुग्ण आणि जन्मतः वेगळी घडण असलेला माणूस एकाच दारातून आत जात. ‘नागपूरला टाकीन’ या धमकीत आजही त्या दाराची सावली आहे.

९/
राज्यसत्तेला माणूस दिसतो तो बहुधा रकान्यातून. १८८१ पासून १९३१ पर्यंतच्या जनगणनांत शारीरिक-मानसिक व्यंगांची नोंद झाली. रकाने चार : वेडे, मुके-बहिरे, आंधळे आणि महारोगी. न बोलणारा स्वमग्न माणूस कोणत्या रकान्यात गेला असेल? बोलत नाही म्हणून मुक्यांत, विचित्र वागतो म्हणून वेड्यांत, किंवा घरच्यांनी काहीच सांगितले नाही म्हणून कोठेही नाही. १९४१ मध्ये ही नोंदच बंद झाली. जुने आकडे घेऊन ‘तेव्हा असे लोक नव्हतेच’ असे म्हणणारे रकान्यालाच वास्तव समजतात.

१०/
१९१२ च्या भारतीय वेडेपणा अधिनियमाने जुने कायदे एकत्र केले. त्याच्या व्याख्येत जन्मजात मंदबुद्धी आणि नंतर चित्तभ्रम झालेला, दोघेही एकाच शब्दाखाली आले. स्मृतिकारांनी ‘जड’ आणि ‘उन्मत्तक’ असे किमान दोन शब्द ठेवले होते, विसाव्या शतकातील कायद्याने एक केला. याचा परिणाम केवळ भाषिक नव्हता. एकच शब्द म्हणजे एकच उपाय, आणि तो उपाय इस्पितळाचा. शिक्षण, काम, सोबत, घर या गोष्टी त्या व्याख्येत बसतच नव्हत्या.

११/
वारसाहक्काच्या बाजूला मात्र हालचाल सुरू झाली होती. १९२८ च्या अधिनियमाने व्यंगामुळे हिंदू वारसाला वगळण्याची प्रथा मोडली. अंध, पंगू, मूक यांना वाटा मिळाला. परंतु एक अपवाद राखून ठेवला गेला : जो जन्मापासून वेडा किंवा जडबुद्धी आहे, तो वगळलेलाच राहील. म्हणजे सुधारणेच्या दारातही नेमका हाच माणूस बाहेर उभा राहिला. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या २८ व्या कलमाने ती अट काढली. रोग, दोष किंवा व्यंग या कारणाने यापुढे कोणीही वारसाहक्कातून बाद होणार नाही. अन्नवस्त्र संपले, वाटा आला.

१२/
वाटा आला तरी तो सांभाळणार कोण, हे ठरले नव्हते. सातबारा उताऱ्यावर अल्पवयीन खातेदाराच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्त्याचे नाव येते. अठरा वर्षे पूर्ण झाली की ती नोंद निघते. स्वमग्न मुलगाही अठराव्या वाढदिवशी कागदावर सज्ञान होतो आणि त्याच्या नावापुढे कोणी उरत नाही. दुसऱ्या टोकाला ‘ए.कु.मॅ.’, एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून थोरल्या भावाचे एकट्याचे नाव. तेथे त्याचा हिस्सा दिसतच नाही. एका नोंदीत संरक्षणाविना हक्क, दुसऱ्या नोंदीत हक्काविना आधार.

१३/
या सर्व काळात ज्या अवस्थेविषयी आपण बोलत आहोत, तिला स्वतःचे नाव नव्हते. ते १९४३ मध्ये मिळाले. अमेरिकेतील बाल्टिमोर येथील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी ११ मुलांचे तपशीलवार वर्णन प्रसिद्ध केले. पहिले प्रकरण होते मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट या लहानशा गावच्या डोनाल्डचे, जन्म १९३३. या डोनाल्ड ट्रिपलेटचे पुढचे आयुष्य दिघोरीसारख्या गावाने मुद्दाम वाचावे असे आहे, कारण त्याला बळ दिले ते शेतीने आणि गावाने.

१४/
१९४२ च्या सुमारास डोनाल्डला गावापासून काही मैलांवर एका शेतकरी दांपत्याकडे राहायला ठेवले गेले. त्याला मोजण्याचे वेड होते. त्या दांपत्याने ते वेड मोडून काढले नाही, त्याला काम दिले. विहीर खणून तिची खोली मोजून सांग. मक्याच्या ओळी मोजतोस ना, मग नांगर धरून मोज. कॅनर १९४५ मध्ये तेथे गेले आणि हे पाहून प्रभावित झाले. त्या दोघांकडे मानसशास्त्राची पदवी नव्हती. रोवणीच्या दिवसांत पऱ्ह्यांच्या पेंढ्या मोजणाऱ्या किंवा तेंदूपत्त्याची पुडकी ठराविक पानांनी बांधणाऱ्या भंडारा जिल्ह्याला या उपायाची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही.

१५/
१९७१ मध्ये कॅनर यांनी त्या ११ जणांचा पुन्हा शोध घेतला. तोवर सर्व जण प्रौढ झाले होते. ज्यांना मोठ्या सरकारी इस्पितळांत ठेवले गेले, त्यांनी लहानपणी मिळवलेलेही गमावले होते. डोनाल्ड मात्र महाविद्यालयीन पदवी घेऊन गावच्या बँकेत नोकरी करत होता. तो मोटार चालवी, गोल्फ खेळे आणि एकटा प्रवासाला जाई. २०२३ मध्ये, ८९ व्या वर्षी, तो वारला. येथे एक गोष्ट लपवता कामा नये : ती बँक त्याच्या आजोळच्या माणसांनी उभारलेली होती. घरात पैसा होता, गावात मान होता. ज्या घरात दोन्ही नाहीत, त्याच्यासाठी हे काम सार्वजनिक व्यवस्थेने करावे लागते.

१६/
व्यवस्थेची अडचण नावातच होती. कॅनर यांनी मुले पाहिली, म्हणून ही अवस्था मुलांची ठरली. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या १९८० च्या निदानग्रंथातही तिचे नाव ‘शिशुवयीन ऑटिझम’ असेच होते. ब्रिटनमध्ये १९६२ साली पालकांनी स्थापन केलेल्या संघटनेच्या नावातही ‘मुले’ हा शब्द होता. मुले मोठी झाली, तसा १९८२ मध्ये तो गळला. पुढे २००९ मध्ये इंग्लंडने केवळ स्वमग्नतेसाठी कायदा केला, तो मुख्यतः प्रौढांच्या सेवांसाठी. जगभर क्रम हाच दिसतो : आधी बालक दिसतो, प्रौढ फार उशिरा.

१७/
महाराष्ट्रातही तसेच घडले. १९४१ मध्ये मुंबईतील मानखुर्द येथे बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी निवासगृह सुरू झाले. १९४४ मध्ये होरमसजी आणि जेरबाई वकील या दांपत्याने आपल्या मुलीच्या निमित्ताने शाळा काढली. आज ती जय वकील शाळा म्हणून ओळखली जाते. विदर्भात कमलाताई होस्पेट यांनी १९२१ मध्ये नागपुरात स्थापन केलेल्या मातृसेवा संघाने पुढे ‘नंदनवन’ ही विशेष शाळा चालवली. या संस्थांचे ऋण मोठे आहे. परंतु शाळा कितीही चांगली असली तरी तिला एक शेवटचा दिवस असतो. त्यानंतरच्या चाळीस-पन्नास वर्षांचे वेळापत्रक कोणी आखले नव्हते.

१८/
ते पालकांनीच आखायला घेतले. १९९० च्या दशकात बदलापूर येथे ‘आधार’ ही संस्था उभी राहिली. माधवराव गोरे यांच्या पुढाकाराने पालक एकत्र आले आणि त्यांनी बौद्धिक अक्षमता असलेल्या आपल्या प्रौढ मुलांसाठी आजीवन निवासाची सोय केली. शाळा किंवा इस्पितळ यांऐवजी घर, आणि तेही पालकांच्या पश्चात चालू राहील असे, हा विचार त्या काळी नवा होता. ‘आमच्यानंतर काय?’ या खासगी प्रश्नाने येथे संस्थेचे रूप घेतले.

१९/
त्याच सुमारास कायद्यात एक विलक्षण पोकळी निर्माण झाली. १९८७ च्या मानसिक आरोग्य अधिनियमाने १९१२ चा जुना कायदा रद्द केला. नव्या कायद्याने मनोरुग्णाच्या व्याख्येतून मतिमंदत्व वगळले. तत्त्वतः हे योग्यच होते, कारण दोन भिन्न अवस्था पुन्हा वेगळ्या झाल्या. परंतु प्रौढ मुलासाठी पालक नेमून घेण्याची जुनी वाटही त्याबरोबर बंद झाली. १८९० चा पालक व पाल्य अधिनियम केवळ अल्पवयीनांसाठी होता. १९९३ मध्ये नवा कायदा अमलात आला, तेव्हा अशा प्रौढाच्या पालकत्वाचा अर्ज ज्या कायद्याखाली करावा असा कायदाच उरला नव्हता. पर्याय उरला तो उच्च न्यायालयाचा. दिघोरीच्या शेतकऱ्याला तो पर्याय म्हणजे पर्याय नसणेच.

२०/
१९९५ मध्ये अपंग व्यक्तींसाठीचा पहिला व्यापक कायदा संसदेने केला. त्याच्या यादीत अपंगत्वाचे सात प्रकार होते. अंधत्व, अल्पदृष्टी, श्रवणदोष, हालचालींचे अपंगत्व, बरा झालेला कुष्ठरोग, मतिमंदत्व आणि मानसिक आजार. स्वमग्नता नव्हती. ज्या अवस्थेला नाव मिळून अर्धशतक उलटले होते, तिला भारतीय कायद्यात रकाना नव्हता. पालकांना प्रमाणपत्रासाठी मुलाला ‘मतिमंद’ लिहून घ्यावे लागे. मुलगा गणितात हुशार असेल, तर तेही मिळत नसे.

२१/
ही पोकळी भरली ३० डिसेंबर १९९९ रोजी संमत झालेल्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाने. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता या चार अवस्थांसाठीचा हा कायदा. भारतीय कायद्याच्या शीर्षकात स्वमग्नतेचे नाव ठळकपणे आले ते येथे. केंद्र सरकारने १०० कोटी रुपयांचा मूळ निधी एकदाच द्यावा, अशी तरतूद त्यात झाली. कायद्याच्या उद्दिष्टांत आईवडिलांच्या मृत्यूनंतर व्यक्तीची काळजी आणि संरक्षण हे स्वतंत्रपणे नमूद आहे. घरोघरी पुटपुटला जाणारा प्रश्न अखेर राजपत्रात उमटला.

२२/
या कायद्याचे यंत्र साधे आहे. प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते : जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती. आईवडील, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था अठरा वर्षांवरील व्यक्तीसाठी पालक नेमण्याचा अर्ज या समितीकडे करू शकतात. नेमणुकीनंतर सहा महिन्यांत पालकाने मालमत्तेची यादी सादर करावी. आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब द्यावा. पालक छळ करतो, दुर्लक्ष करतो किंवा मालमत्ता गिळतो असे दिसल्यास त्याला हटवता येते. अन्नवस्त्राच्या काळात ताट वाढणाऱ्याला जाब विचारणारे कोणी नव्हते. येथे हिशेब मागणारा उभा राहिला.

२३/
न्यासाच्या योजना हळूहळू आकाराला आल्या. ‘निरामय’ हा वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा. त्यासाठी आधी वैद्यकीय तपासणीची अट नाही आणि त्यात उपचारसत्रांचाही समावेश आहे. ‘घरौंदा’ हे प्रौढांचे आजीवन निवासगृह. ‘समर्थ’ ही कुटुंबाला थोडा विसावा देणारी निवाससेवा, तर ‘सहयोगी’ हे काळजीवाहकांचे प्रशिक्षण. २००९ मध्ये स्वमग्नता मोजण्यासाठी ४० प्रश्नांची भारतीय मापनपट्टी तयार झाली. तीत किमान ४० आणि कमाल २०० गुण. ७० गुणांपासून स्वमग्नता गणली जाते. कागदाला भाषा मिळाली, म्हणून प्रमाणपत्राला आधार मिळाला.

२४/
२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने सात प्रकारांचे २१ केले आणि स्वमग्नतेला त्यांत स्वतंत्र स्थान दिले. सरकारी नोकऱ्यांतील चार टक्के आरक्षणापैकी एक टक्का ज्या गटाला आहे, त्यात स्वमग्न व्यक्ती येतात. याच कायद्याने चौथा शब्द पुढे आणला : ‘मर्यादित पालकत्व’. पालकाने त्या व्यक्तीच्या जागी निर्णय घेऊ नये, तिच्याबरोबर घ्यावा. भारताने २००७ मध्ये मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराचा हा परिणाम. १९९९ चा कायदा अधिक व्यापक पालकत्व देतो, २०१६ चा ते आटोपशीर करतो. दोन्ही आज एकाच वेळी लागू आहेत. संरक्षण आणि स्वेच्छा यांतील हा ताण सुटलेला नाही.

२५/
अठराव्या वर्षाची भिंत किती कठीण असते, हे विदर्भाला शिकवले ते वझ्झरने. अमरावती जिल्ह्यात अचलपूर तालुक्यातील या गावी शंकरबाबा पापळकर यांनी बेवारस दिव्यांग मुलांचे बालगृह चालवले आणि १२३ मुलांना वडील म्हणून स्वतःचे नाव दिले. त्या मुलांची अवस्था निरनिराळी, परंतु प्रश्न तोच. बालकांचा कायदा अठराव्या वर्षी हात सोडतो. मग ही मुले कोठे जाणार? अशा प्रौढांना आजीवन त्याच घरी राहू देणारा कायदा करा, ही मागणी त्यांनी वर्षानुवर्षे लावून धरली. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. सन्मान व्यक्तीला मिळाला, मागणी अजून मागणीच आहे.

२६/
आता पुन्हा दिघोरी. आज तेथील कुटुंबाच्या हाती काय आहे? दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी ओळखपत्र. स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वाचा अर्ज. निरामय विमा. १९८० पासून चालत आलेली संजय गांधी निराधार अनुदान योजना, जिची रक्कम २०२३ मध्ये दरमहा १,५०० रुपये झाली. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाच्या पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावी, हा नियम ग्रामसभेत उभे राहून विचारण्याजोगा आहे. २०२२ मध्ये राज्याने दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभागही स्थापन केला. कागदावर हे सर्व आहे.

२७/
कागद आणि उंबरठा यांच्यात मात्र अंतर आहे. मानसोपचारतज्ज्ञ जिल्ह्याच्या ठिकाणी, समिती जिल्ह्याच्या ठिकाणी. गर्दी, कर्णे आणि ओळखीचा नसलेला रस्ता ज्याला असह्य होतो, त्याला घेऊन लाखांदूर तालुक्यातून एस.टी.ने भंडाऱ्याला जायचे. रोवणी किंवा कापणीचा हंगाम असेल तर दिवसाची मजुरीही बुडते. रांगेत त्याने आरडाओरडा केला तर लोकांच्या नजरा आईकडे वळतात. २०११ च्या जनगणनेत अपंगत्वाचे आठ रकाने होते, त्यांतही स्वमग्नता स्वतंत्र नव्हती. दिघोरीत असे प्रौढ किती, हे त्यामुळे कोणत्याही सरकारी तक्त्यावरून सांगता येत नाही.

२८/
या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. ‘पूर्वी एकत्र कुटुंबात सगळे सांभाळले जात’ हे विधान अर्धेच खरे आहे. सांभाळले जात, पण वाट्याविना आणि हिशेबाविना. ‘आता कायदा आहे’ हेही अर्धेच खरे आहे. कायद्याने वाटा दिला, पालक दिला, हिशेब मागण्याचा अधिकार दिला. पण मोजण्याच्या वेडाला नांगर देणारे ते शेतकरी दांपत्य कोणत्याही कलमातून निर्माण होत नाही. ते गावातच असावे लागते.

२९/
आईवडील हयात असतानाच पालकत्वाचा अर्ज करणे, सातबाऱ्यावर त्याचे नाव लागले आहे का हे पाहणे, त्याला रोजचे एक ठरलेले काम मिळेल असे गावातील एक घर शोधणे : या तीन गोष्टी छोट्या आहेत. परंतु मिताक्षरेपासून आजपर्यंतच्या प्रवासात जे जे मिळाले, ते या तीन गोष्टींमधूनच त्या माणसापर्यंत पोहोचते. नाहीतर तो आजही १८५८ मध्येच राहतो : जमिनीच्या कायद्याला न दिसणारा, रस्त्याच्या कायद्याला न दिसणारा, आणि कोणीतरी ताट वाढण्याची वाट पाहणारा.

(समाप्त)